गाव शाळेत का येत नाही? मुख्याध्यापकांनी या चुका टाळाव्यात

"पालकांना मुलांच्या शाळेचं काही पडलेलं नाही," हे वाक्य केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी हमखास ऐकू येतं. जो हे बोलतो त्याच्या शाळेतलं शाळा व्यवस्थापन समितीचं प्रोसिडिंग बुक उघडून पाहावं. मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, पोषण आहाराचा आढावा, ऐनवेळचे विषय. महिन्यामागून महिने तेच. खाली सह्या, आणि त्यातल्या कितीतरी वही घरोघरी फिरवून घेतलेल्या. वर्षभर फक्त सहीपुरतं विचारलं, की वर्गणीच्या वेळी गाव घरात बसून राहतं.

कायद्याने गावाला बरंच काही दिलेलं आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीनेच करायचा असतो. प्रत्यक्षात तो मुख्याध्यापक किंवा मोबाइल चांगला चालवणारे एखादे गुरुजी रात्री बसून भरतात आणि समितीला कळतो तो खर्चाचा आकडा.

होयबा अध्यक्ष

समिती नव्याने निवडताना त्रास न देणारा माणूस शोधला जातो. कधी सरपंचांच्या गटातला, कधी शाळेशेजारी राहणारा, बोलावलं की पाच मिनिटांत येणारा. कागद पटकन होतात, पण उरलेलं गाव समितीला एका गटाची समजून अंग काढून घेतं. पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की भांडण थेट शाळेच्या ओट्यावर येतं.

निवड पालकांच्या सभेत, सगळ्यांसमोर करा. सभेची खबर फक्त फलकावर लावू नका. वस्तीवर, तांड्यावर, पारावर जाऊन सांगा. आधीच एका गटाची समिती बसली असेल तर ती मोडायच्या भानगडीत पडू नका. विषयपत्रिका आधी लेखी द्या आणि सभा संपताना इतिवृत्त मोठ्याने वाचून मगच सह्या घ्या. सर्वांसमोर वाचलेला ठराव नंतर फिरवणं कोणत्याच गटाला सोपं जात नाही.

सकाळी अकराची सभा

ही चूक सगळ्यात जास्त शाळा करतात आणि तिचा दोष सगळ्यात जास्त पालकांवर जातो. अकरा वाजता शाळेत येणं म्हणजे त्या दिवसाची रोजंदारी बुडवणं. विदर्भ-मराठवाड्यात दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू असते आणि वेचणीला मुख्यतः बायकाच असतात. नेमकी तेव्हा माता-पालक सभा ठेवायची, चार जणी आल्या की फोटो काढून अहवाल पाठवायचा आणि प्रतिसाद नाही अशी नोंद करायची, यात प्रतिसाद मोजलाच जात नाही.

वेळ पालकांनाच विचारा. कुठे संध्याकाळ सोयीची असते, कुठे बाजाराचा दिवस. शाळेतच बोलवायला हवं असंही नाही. 2022 पासून 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांच्या निमित्ताने जे माता-गट तयार झाले, त्यातले जे टिकले ते बहुधा गल्लीत, एखाद्या ओसरीवर बसणारे आहेत. पाच-सहा आया आणि मुलांकडून घरी करून घ्यायची एखादी कृती, एवढंच लागतं. व्यासपीठ नको, हारतुरे तर नकोतच.

बीडसारख्या जिल्ह्यात प्रश्न याहून मोठा आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेलं कुटुंब चैत्राच्या सुमारास परततं. वर्षाचे महत्त्वाचे ठराव या काळात घेतले तर ज्यांची मुलं शाळेतून गळण्याचा धोका सर्वात जास्त, तेच पालक गैरहजर असतात. त्यांच्याशी बोलायचं ते कोयता उचलण्याआधी. मूल आजी-आजोबांकडे राहणार, हंगामी वसतिगृहात राहणार की फडावर जाणार, हे दसऱ्याआधी घरी जाऊन ठरवलं तर काही तरी हाती असतं. डिसेंबरात पटावरचं नाव आणि रिकामा बाक एवढंच उरतं.

गावाची आठवण फक्त पैशासाठी

2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'ची मोहीम आली आणि डिजिटल शाळांची लाट उसळली. अनेक गावांनी मनापासून वर्गणी काढली. टीव्ही आले, प्रोजेक्टर आले, भिंती रंगल्या. मग कितीतरी ठिकाणी वीजबिल थकलं, जोडणी तुटली आणि ज्यांनी पैसे दिले त्यांनाच ते साहित्य कपाटात धूळ खाताना दिसलं. असं गाव दुसऱ्यांदा पैसे देत नाही, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही.

वस्तूसाठी वर्गणी मागताना वर्षभराचं बिल आणि दुरुस्ती कोण भरणार हे त्याच सभेत ठरवा. रक्कम दहा रुपये असली तरी पावती द्या. मिळालेली वस्तू साठा नोंदवहीत चढवा. जमा-खर्च गावकरी येता-जाता वाचतील अशा जागी लावा. फक्त मोठ्या देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरू नका, त्याने पन्नास रुपये देणारा पुढच्या वेळी घरीच बसतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, तिचा डोलारा श्रीमंतांच्या थैल्यांइतकाच गरिबांच्या घरातून आलेल्या धान्यावर उभा राहिला. आजही एखाद्या पालकाने दोन दिवस गवंडीकाम केलं तर त्याची नोंद रोख वर्गणीच्या शेजारीच व्हायला हवी.

एक गोष्ट मात्र अजिबात नको: वर्गणीची सांगड प्रवेशाशी किंवा दाखल्याशी घालणं. प्रवेशासाठी देणगी घेण्याला कलम 13 ची बंदी आहे आणि घेतलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत दंड होऊ शकतो. शाळा सोडल्याचा दाखला कलम 5 नुसार तात्काळ द्यावा लागतो. "आधी राहिलेली वर्गणी भरा" असं एका पालकाला म्हटलं तरी ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

ग्रामपंचायतीकडे जूनमध्ये जाणं

शाळा सुरू झाली, छत गळू लागलं, की अर्ज घेऊन सरपंचांकडे धाव. सरपंच म्हणतात, "गुरुजी, आराखडा तर कधीच झाला." आणि ते खरं असतं. पुढच्या वर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम साधारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून डिसेंबरपर्यंत चालतं. म्हणून शाळेच्या गरजा सप्टेंबरात समितीच्या ठरावासह तयार ठेवा आणि ग्रामसभेत त्या अध्यक्षांना मांडू द्या. मतदार असलेल्या पालकाने केलेल्या मागणीचं वजन वेगळं पडतं. मुख्याध्यापकांनी मागे बसावं.

व्हॉट्सॲप ग्रुप केला, म्हणजे झालं

फोन वडिलांच्या खिशात असतो आणि ते कामावर असतात. ग्रुपवर शासकीय पत्रकांच्या पीडीएफ पडतात. ज्या आईसाठी निरोप असतो तिला तो कळतच नाही. अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप टाका, साध्या बोलीत. नंदुरबार, गडचिरोलीच्या भागात भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या एखाद्या पालकाकडून तो रेकॉर्ड करून घ्या. आणि तक्रारीसाठी पालकाला बोलवायची वेळ येण्याआधी एकदा तरी चांगली बातमी घेऊन त्याच्या दारात जाऊन या.

सगळं एका गुरुजींच्या भरवशावर

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा 2025 मध्ये जागतिक शाळा पुरस्कारांत झळकली, तीही समाजाच्या सहभागासाठी. अशी उदाहरणं पाहून मुख्याध्यापकांना वाटतं की सारी किमया एखाद्या व्यक्तीची. पण जिल्हा परिषदेत बदली ठरलेलीच. सरांच्या शब्दावर आलेलं गाव सरांबरोबरच परत जातं.

बदलीच्या वेळी चार्जच्या यादीत बाकं, टेबलं, कपाटांच्या किल्ल्या असतात. त्याबरोबर आणखी एक पान द्या: कोणी काय दिलं, कोणाला कोणतं काम करून देण्याचा शब्द दिलाय, कोणत्या वस्तीशी कशावरून बोलणं थांबलंय, ग्रामपंचायतीकडे कोणता ठराव अडकलाय. ते पान समितीच्या सभेत वाचा आणि एक प्रत अध्यक्षांकडे ठेवा. नव्या मुख्याध्यापकांनी हजर झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्या यादीतलं सर्वात जुनं राहिलेलं काम हाती घ्यावं, स्वतःची नवी योजना त्यानंतर.