काही सुचत नाही? मग कोकणात राहून हे करून बघा

मी पाचशे रुपयांची एक स्केचबुक आणली होती आणि ती दोन वर्षं कोरी होती, कारण एवढ्या भारी कागदावर फालतू काय काढायचं. शेवटी एक दिवस पहिल्या पानावर दुधाचा हिशोब लिहिला आणि गाडी सुरू झाली. म्हणून पहिली स्टेप हीच. साधी वही घ्या आणि पहिलं पान मुद्दाम खराब करा.

मग एक रस्ता ठरवा, घरापासून वीस मिनिटांचा आणि रोज तोच. त्यावर दर दिवशी एकच गोष्ट बघायची, आज फक्त लाल रंग, उद्या फक्त दारं-खिडक्या. रत्नागिरीत असाल तर एका संध्याकाळी काळ्या वाळूच्या मांडवी किनाऱ्यावर जा, दुसऱ्या संध्याकाळी पांढरा समुद्र नावाच्या किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडची चिमूटभर वाळू वहीत सेलोटेपने चिकटवा. जड काळी खनिजं असली की वाळू काळी दिसते, शिंपल्यांचा चुरा जास्त असला की पांढरट, पण हे वाचून कळणं वेगळं आणि दोन चिमटी शेजारी शेजारी बघणं वेगळं. मला तर त्यातून आख्खा करड्या रंगांचा तक्ता मिळाला, घराला पेंट करताना कामी आला तो!

आता कान. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या लागल्या की मासळीचा लिलाव चालू होतो तेव्हा मोबाईलचा रेकॉर्डर एक मिनिट चालू ठेवा, घरी येऊन डोळे मिटून ऐका आणि किती वेगवेगळे आवाज येतात ते मोजा. माझे पहिल्यांदा चार झाले, तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा अकरा.

संगीतासाठी मात्र तळकोकणात जत्रेला एक रात्र जागाच. तिथे रात्री दशावतार म्हणजे देवादिकांच्या गोष्टींचं लोकनाट्य चालतं, त्यात संवाद लिहून पाठ केलेले नसतात, आख्यान ठरतं आणि बोलणं स्टेजवर तिथल्या तिथे होतं, म्हणजे राजा काय बोलणार हे पायपेटीवाल्यालाही आधी माहीत नसतं. म्हणून पुढे मधोमध बसू नका, पेटी आणि पखवाजाच्या बाजूला बसा, नट कधी दम घेतो आणि वाजवणारा ती जागा कशी भरतो हे तिथून दिसतं. सुरुवातीला येणारा राक्षस, संकासुर, येऊन गेला की अर्धी पोरं झोपतात, तुम्ही झोपू नका, खरी मजा पुढे आहे. ज्यांना "स्क्रिप्ट तयार झाल्याशिवाय सुरुवातच होत नाही" त्यांनी तर हे बघायलाच हवं.

फोटोचं थोडक्यात सांगतो. स्क्रीनवर उजळ भागावर बोट ठेवा, ब्राइटनेस थोडा खाली ओढा, आणि खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर थर बसतो तो आधी पुसा. कोळणींचे फोटो न विचारता काढू नका, आणि खरं सांगू, आधी बांगडे घ्या मग विचारा.

प्रकाश कसा काम करतो हे शिकायचं तर सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळी पठारावरच्या, कातळशिल्पांसारखा गुरू नाही. राजापूर तालुक्यात कशेळीला जांभ्यात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी आणि मासे. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. मी पहिल्यांदा भर दुपारी गेलो आणि वाटलं, एवढंच? खोदकाम उथळ असतं, ऊन डोक्यावर आलं की रेषा गायब. दुसऱ्यांदा ऊन उतरताना गेलो तर एकेका रेषेत सावली भरत गेली आणि हत्ती उठून दिसला. फोटो कमी काढा, समोर बसून ती रेषा बोटाने हवेत गिरवा, आपल्याला कुठे वळावंसं वाटतं आणि त्या माणसाने कुठे वळवली ते कळतं. शिल्पावर पाय देऊ नका, खडूने रेषा ठळक करायचा आगाऊपणा तर नकोच.

शेवटची स्टेप मी कुडाळजवळच्या पिंगुळीवरून उचललीय. तिथले ठाकर कलाकार चित्रकथी करतात, एकेक चित्र समोर धरायचं आणि गोष्ट सांगत जायचं, चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आपण आपल्या आठवड्याच्या फोटोंमधले पाच निवडायचे आणि घरातल्या पोराला बसवून एकामागून एक दाखवत गोष्ट सांगायची. मी परवा भाचीला सांगायला बसलो, तिसरा फोटो म्हणजे माझा लाडका सूर्यास्त, तर म्हणते, "मामा, ह्यात कायच होत नाहीये, तो मघाचा मांजराचा परत दाखव." सूर्यास्त काढून टाकला. आता गोष्ट मांजराची चालू आहे.