रीजन्सी काळातला नाताळ रंगवताना या चुका टाळा

रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२० हा काळ. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारी आणि कारभार मुलाच्या हाती. या काळातली कथा लिहायला घेतली की नाताळाच्या प्रसंगात हमखास घोळ होतो, कारण आपल्या डोळ्यांपुढचा विलायती नाताळ बहुतेक व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला असतो.

पहिली चूक म्हणजे दिवाणखान्यातलं सजवलेलं झाड. जॉर्जच्या शार्लट राणीने १८०० साली विंडसरला असं झाड उभारलं होतं खरं, पण ती तिच्या जर्मन माहेरची चाल. ती लोकप्रिय झाली १८४८ मध्ये, व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र छापून आल्यावर. तुमचं घराणं दरबारी असेल तर झाड राहू द्या. नाहीतर हॉली, आयव्ही, लॉरेलच्या फांद्या लावा, त्याही २४ डिसेंबरला. त्याआधी लावणं अपशकुनी मानत.

शुभेच्छापत्रंही नकोत, ती १८४३ची. पात्रांना पत्रं लिहू द्या. मात्र टपालखर्च सहसा पत्र घेणाऱ्याने भरायचा, तोही कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर. गरीब मावशीला चार पानी प्रेम पाठवलंत तर भुर्दंड तिलाच!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कथेचा कळस २५ डिसेंबरला गाठणं. त्या दिवशी चर्च आणि भरपेट जेवण. खरी धमाल बाराव्या रात्रीची, जानेवारीच्या पाच-सहा तारखेची. भलामोठा केक कापायचा, चिठ्ठ्या काढून सोंगं वाटायची आणि रात्रभर त्याच सोंगात बोलायचं. अबोल नायकाला चिठ्ठीत बडबड्या विदूषक येऊ द्या, पुढचा प्रसंग आपोआप घडेल. दिवे मालवून पेटत्या ब्रँडीतले मनुके उचलायचा स्नॅपड्रॅगन हा खेळही आहेच. तरी लेखक मिसलटोखालच्या, म्हणजे नाताळात टांगलेल्या फळांच्या डहाळीखालच्या, चुंबनापाशीच अडकतात. निदान नियम तरी वापरा: दर चुंबनाला एक फळ खुडायचं, फळं संपली की चुंबनं बंद.

मिन्स पाय या नाताळच्या सारण भरलेल्या पदार्थामध्ये तेव्हा बहुधा मांस असे, हेही ध्यानात असू द्या.

आणि १८१७चा नाताळ निवडलात तर सावध. ५ नोव्हेंबरला इकडे खडकीची लढाई झाली, दुसऱ्याच दिवशी तिकडे तिसऱ्या जॉर्जची नात राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली. देश सुतकात होता. नायिकेचं गुलाबी रेशीम पेटीत ठेवून तिला काळे कपडे द्या, नाहीतर सगळी कथाच १८१५ला सरकवा. नेपोलियनवरचा वॉटर्लूचा विजय तेव्हा ताजा होता.