कॅम्पसवरची सैनिकांची वस्ती कशी शोधायची

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाचा इतिहास चाळायला बसलं की ग्रंथालय, घड्याळाचा मनोरा, स्टेडियम सगळं सापडतं. सापडत नाहीत ती दुसऱ्या महायुद्धावरून परतून बायकापोरांसह शिकायला आलेल्यांची पत्र्याची घरं. तात्पुरतं बांधकाम इमारतींच्या अधिकृत यादीत बहुधा नसतंच, त्यामुळे ती यादी मी सगळ्यात शेवटी उघडतो.

आधी वस्तीचं नाव मिळवा. नुसत्या विद्यापीठाच्या नावाने शोधलंत तर पदवीदानाचे फोटोच पुढ्यात येतात. आयोवा स्टेटचं पॅमेल कोर्ट, विस्कॉन्सिनचं बॅजर व्हिलेज, अशी या वस्त्यांना स्वतःची नावं होती. शोध कॅम्पसच्या कुंपणाशी थांबवू नका. स्टॅनफर्ड व्हिलेज मेन्लो पार्कमधल्या लष्करी इस्पितळाच्या बराकींत होतं. बॅजर व्हिलेज तर बाराबूजवळ, दारूगोळ्याच्या कारखान्याशेजारी. तिथून मॅडिसनमधल्या विद्यापीठात शिकायला बसने जायचं.

जून 1944 च्या जीआय बिलाने, म्हणजे परतलेल्या सैनिकांच्या सवलतींच्या कायद्याने, फीची सोय झाली, छपराची नाही. डिसेंबर 1945 च्या कायद्याने युद्धकाळातली रिकामी घरं उचलून विद्यापीठांत उभी करायचा खर्च सरकारने घेतला. जागा, पाणी, वीज विद्यापीठाने बघायची. म्हणून कागदही दोन घरचे. जमीन आणि नळजोडणीचा पत्रव्यवहार विद्यापीठाच्या अर्काइव्हमध्ये मागा, सरकारी बाजूसाठी नॅशनल अर्काइव्ह्जचा रेकॉर्ड ग्रुप 196 (सरकारी गृहनिर्माण खात्याचे कागद) बघा.

फोटो मिळाला की घाई करू नका. नालीदार पत्र्याचं अर्धगोल घर म्हणजे क्वॉन्सेट, नेहमीचं माप 20 बाय 48 फूट. पुष्कळदा मधे भिंत घालून त्यात दोन कुटुंबं राहत, तेव्हा छपरं नाही, दारं मोजा. ट्रेलर, म्हणजे चाकांवरची घरं, दिसले तर जवळपास एखादी बसकी सामायिक इमारत आहे का पाहा. अनेक ट्रेलरांत नळच नव्हता. अंघोळ, संडास, कपडे धुणं सगळं तिथे. दोरीवर तान्ह्या बाळांचे लंगोट वाळत असतील तर अविवाहितांचं वसतिगृह नव्हे, एवढं नक्की! रंगीत सँबॉर्न नकाशा (आगीच्या विम्यासाठी काढलेला, इमारतवार) हाती लागला तर लाकडी घरं पिवळी आणि पत्र्याची राखाडी दिसतील.

मला सगळ्यात जास्त देते ती 1950 ची जनगणना. एप्रिल 2022 पासून तिची पानं ऑनलाइन खुली आहेत. त्या वेळी कॉलेजच्या विद्यार्थ्यांची नोंद आईवडिलांच्या घरी न करता शिकायच्या जागी झाली, त्यामुळे नवरा, बायको, मुलं एकाच पानावर येतात. बायकोच्या कामाचा रकाना मुद्दाम वाचा. 1946 मध्ये कुटुंबवाल्या विद्यार्थ्याला महिना 90 डॉलर भत्ता होता, 1948 पासून 105 ते 120; तेवढ्यात घर कसं चालायचं ते या रकान्यातून उमगतं. युद्धसेवेचा प्रश्न मात्र निवडक ओळींवरच्या माणसांनाच विचारला होता. तिथे कोरं दिसलं म्हणून तो सैनिक नव्हता असं धरू नका.

राहिला वस्ती कधी उठली हा प्रश्न. ‘तात्पुरती’ या शब्दाला भुलू नका, पॅमेल कोर्ट कित्येक दशकं टिकलं. विद्यार्थ्यांच्या पत्त्यांच्या डिरेक्टऱ्या वर्षावार लावून वस्तीचा पत्ता कुठल्या अंकात शेवटचा दिसतो ते बघा, मग त्याच्या आगेमागची हवाई छायाचित्रं काढा.