इंग्रजी पत्रात नामानंतरचं ‘ऑफ’ कसं तपासावं

पावसाळा लागला की मुंबईत सोसायटीच्या सेक्रेटरीकडे लीकेजच्या तक्रारी सुरू होतात आणि त्यातली बरीच पत्रं इंग्रजीत असतात. त्यांत जिथे तिथे ‘ऑफ’ दिसतं. मराठीत छताचं नुकसान, उशिराचं कारण, पत्राचं उत्तर, सगळीकडे ‘चं’ चालतं. इंग्रजीत मात्र ‘डॅमेज टू द सीलिंग’, ‘रीझन फॉर द डिले’, ‘आन्सर टू माय लेटर’. यातल्या एकालाही ‘ऑफ’ लागत नाही.

आधी पत्र सलग लिहून काढा. मग माणसांची, इमारतींची नावं सोडून बाकीच्या नामांखाली रेघ ओढा आणि प्रत्येकानंतर कोणता शब्द लिहिलाय ते बघा.

आता तो शब्द वाक्यात नाम आहे की क्रियापद, हे ठरवा. माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ‘माय रिक्वेस्ट फॉर अ‍ॅन इन्स्पेक्शन’ बरोबर, कारण इथे रिक्वेस्ट नाम आहे. क्रियापद झालं की ‘फॉर’ गळतं: ‘आय रिक्वेस्ट अ‍ॅन इन्स्पेक्शन’. ‘डिस्कशन अबाउट द रिपेअर्स’ चालतं, पण ‘वुई डिस्कस्ड अबाउट द रिपेअर्स’ चूक. तिथे नुसतं ‘डिस्कस्ड द रिपेअर्स’. ‘डिमांड’चंही तसंच: नामाला ‘फॉर’ हवं, क्रियापदाला काहीच नको.

‘ऑफ’ सरसकट खोडू नका. ‘कॉज ऑफ द लीकेज’ अगदी बरोबर आहे. कॉजला ‘ऑफ’, रीझनला ‘फॉर’. काही नामं अर्थानुसार ‘ऑफ’ही घेतात आणि दुसरा शब्दही. मेंटेनन्स वाढला तर ‘अ‍ॅन इन्क्रीज इन द मेंटेनन्स’, आणि किती वाढला ते सांगायचं तर ‘अ‍ॅन इन्क्रीज ऑफ ३०० रुपीज’.

अव्ययानंतर (म्हणजे ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘टू’ अशा शब्दानंतर) क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ जोडा: ‘माय रीझन फॉर रायटिंग’.

   

शंका आली तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या लर्नर्स डिक्शनरीत ते नाम काढा. दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. तिथली उदाहरणं वाचली की नामानंतर कोणतं अव्यय येतं ते लगेच कळतं. वहीत मात्र नुसतं ‘सोल्यूशन’ लिहू नका, ‘सोल्यूशन टू’ असं जोडीनेच उतरवा.