वर शहर असेल तर पहिल्या पावसाचं पाणी उचलू नका

पाऊस सुरू झाला की ओढ्याकाठच्या प्रत्येकाला मोटर चालू करायची घाई असते, कोरड्या दिवसांत पाणी पुरलेलं नसतं त्यामुळे ते साहजिकच आहे. पण तुमच्या वरच्या अंगाला शहर असेल आणि तिथली पावसाळी गटारं तुमच्याच ओढ्यात उतरत असतील तर पहिल्या जोराच्या सरीचं पाणी जाऊ द्या खाली, खरंच जाऊ द्या.

झालंय काय, की पाऊस नसतो त्या दिवसांत रस्त्यावर टायर झिजून जस्त पडतं, ब्रेक पॅडमधून तांबं पडतं, जुन्या रंगाच्या पोपड्यांतून शिसं, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यांवरून परत जस्त, आणि जस्ताच्या मागे बऱ्याचदा थोडं कॅडमियम पण असतं. हे सगळं धुळीत साठून राहतं आणि पहिल्या सरीत एकदम वाहून येतं. ब्रेकमधलं तांबं कमी करायला अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदे केले, म्हणजे ही काय आपल्या मनाची भीती नाही. आणि मधे पावसाने मोठी उघडीप दिली तर नंतरची सर पण पहिल्यासारखीच धरायची.

ओढ्याचं पाणी चढून उतरायला लागलं, गढूळपणा कमी झाला की मग उपसा करा. फूटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपचं पाण्यातलं तोंड) तळाला टेकवून ठेवू नका, ड्रमला बांधून मधल्या थरात तरंगता ठेवा, कारण शिसं बहुतेक करून बारीक गाळाला चिकटून येतं आणि तो तळाशी बसतो. शेततळं असेल तर पाणी आधी तिथे घेऊन एक-दोन दिवस निवळू द्या. पण निवळशंख दिसलं म्हणजे झालं असं नाही हां, जस्त, तांबं, कॅडमियम थोडंफार विरघळलेलं पण असतं आणि ते डोळ्याला दिसत नाही.

आता गाळ. मला वाटतं खरी चूक इथेच होते. पूर ओसरला की काळाभोर मऊ गाळ बघून वाटतं वा, फुकटचा पोयटा आला, आणि आपण तो ओढून वाफ्यात पसरतो. शहराखालच्या ओढ्याचा आणि गटाराच्या तोंडाचा गाळ शेतात घालूच नका. शेणखत कुजतं, धातू कुजत नाही, एकदा वरच्या थरात बसला की वर्षानुवर्षं तिथेच. जलपर्णीचं पण तेच, ती पाण्यातले धातू ओढून घेते, म्हणून अशा ओढ्यातली जलपर्णी काढून कंपोस्ट किंवा आच्छादन केलंत तर तेच धातू परत आपल्या वाफ्यात.

पीक निवडताना पालक, लेट्यूससारख्या पालेभाज्या गटाराच्या तोंडापासून लांबच्या तुकड्यात घ्या, त्या कॅडमियम जास्त उचलतात. जवळच्या तुकड्यात टोमॅटो, मिरची, वेलवर्गीय, शेंगावर्गीय असं काही बरं, फळात आणि शेंगेत त्या मानाने कमी उतरतं. तुषार सिंचनाने गढूळ पाणी पानांवर बसतं, ते टाळा. ठिबक चांगलं, फक्त सँड फिल्टर वेळच्या वेळी धुवा आणि ते धुतलेलं पाणी परत वाफ्यात सोडू नका (हे हमखास होतं). खाली आच्छादन असलं की पावसाने माती पानांवर उडत नाही. भाजी धुतल्याने वर चिकटलेली माती आणि त्यातलं शिसं जातं, पण पानाच्या आत गेलेलं कॅडमियम ना धुऊन जातं ना शिजवून.

जमीन आम्ल असेल तर कॅडमियम पिकात जास्त जातं, तेव्हा सामू (pH) ६.५ ते ७ पर्यंत आणायला माती परीक्षण बघून चुना द्या. सेंद्रिय खत चांगलं कुजलेलं असेल तर धातू धरून ठेवायला मदतच होते.

तपासणीला जाल तेव्हा लॅबमध्ये शिसं, कॅडमियम असं नाव घेऊन सांगा, नेहमीच्या माती परीक्षणात ते येत नाही. नमुना घ्यायला गॅल्व्हनाइज्ड बादली किंवा घमेलं वापरलं तर जस्त उगाच वाढलेलं दिसेल, प्लास्टिकचंच वापरा. माती वरच्या १५ सेंटीमीटरची, एक नमुना गटाराजवळचा, एक लांबचा, वेगवेगळ्या पिशवीत. पाण्याची बाटली लॅबकडूनच मागून घ्या, त्यात आधी ॲसिड घालावं लागतं. पाण्याचा रिपोर्ट आला की एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) १९८५ च्या सिंचन मर्यादांशी ताडून बघा, मिलीग्रॅम प्रति लिटरमध्ये कॅडमियम ०.०१, तांबं ०.२, जस्त २ आणि शिसं ५. शिशाचा आकडा एवढा मोठा बघून निर्धास्त होऊ नका, तो झाडाची वाढ खुंटण्याच्या हिशोबाने ठरवलेला आहे, खाणाऱ्याच्या हिशोबाने नाही.