महाविद्यालय बदलताना सीजीपीएचे काय होते?

वाशीच्या महाविद्यालयातून ठाण्याच्या महाविद्यालयात जाताना, दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न असतील, तर आधीच्या सत्रांचे गुण पुसले जात नाहीत. अभ्यासक्रम तोच असल्यास मिळवलेले क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरवून दिलेले भारांक) आणि श्रेणीगुण सोबत येतात व सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांची मिळून श्रेणीगुणांची सरासरी, पुढे मोजला जातो.

मात्र सीजीपीए म्हणजे सत्रांच्या एसजीपीएची (एकेका सत्राच्या श्रेणीगुण सरासरीची) साधी सरासरी, हा समज सोडून द्यावा. समजा, पहिल्या सत्रात 20 क्रेडिटला 8.00 आणि दुसऱ्यात 24 क्रेडिटला 7.00 मिळाले. मग 20 गुणिले 8 म्हणजे 160, 24 गुणिले 7 म्हणजे 168, बेरीज 328. तिला 44 ने भागले की 7.45 येतात, साध्या सरासरीने येणारे 7.50 नव्हेत. प्रवेशाच्या किमान अटीपाशी एवढा फरकही मुलांना महागात पडतो, म्हणून हा हिशेब स्वतः कागदावर करून पाहावा.

खरी अडचण स्वायत्त, म्हणजे आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवणाऱ्या, महाविद्यालयाची असते. तेथील विषय आणि क्रेडिटची विभागणी वेगळी असू शकते, त्यामुळे विषयवार समकक्षता तपासली जाते आणि न जुळणारे विषय नव्याने द्यावे लागू शकतात. तेव्हा जुने शुल्क, दाखला यांच्या धावपळीत पडण्यापूर्वीच दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून एकेक विषय जुळवावा, एटीकेटी (राहिलेल्या विषयाची फेरपरीक्षा) असल्यास ती कोठे द्यायची हे लेखी विचारावे आणि अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या क्रेडिटची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेतील आपल्या खात्यात सर्व सत्रांचे क्रेडिट दिसतात का, हे पाहावे. ना हरकत प्रमाणपत्र व मूळ गुणपत्रिकांच्या प्रती त्यानंतर जमवाव्यात.