अ‍ॅक्रिलिकची फिश टँक घरी बांधताना: ५२ लिटरसाठी मापं, जोड आणि नेमकं कुठे चुकतं

काचेची टँक सिलिकॉनने चिकटवतात. अ‍ॅक्रिलिकची टँक वितळवून सांधावी लागते. सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला धरून राहत नाही, काही काळाने सालीसारखं सुटून येतं. इथे काम करतं ते क्लोरोफॉर्म किंवा मेथिलीन क्लोराइड. ते दोन्ही तुकड्यांचा पृष्ठभाग मऊ करतं, मऊ झालेलं प्लॅस्टिक एकमेकांत मिसळतं आणि द्रव उडून गेला की एकच तुकडा उरतो. मात्र हा द्रव पाण्याइतका पातळ असल्याने फट भरून काढत नाही. म्हणून टँक टिकणार की गळणार, हे कडा घासतानाच ठरतं.

इथे ६० × ३० × ३६ सेंमीची टँक धरली आहे. शीट १० मिमीची आणि 'कास्ट'च, म्हणजे साच्यात ओतून केलेली, घ्या. स्वस्त एक्स्ट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेल्या) शीटमध्ये आतला ताण जास्त असतो, तिच्यावर क्लोरोफॉर्म लागलं की केसासारख्या तड्यांची जाळी उमटते. ४ × ४ फुटांच्या तुकड्यात सगळे भाग बसतात. पुढची आणि मागची बाजू प्रत्येकी ६०० × ३४० मिमी, दोन कुशी (आखूड बाजू) २८० × ३४०, तळ ६०४ × ३०४ आणि वरची चौकटही ६०४ × ३०४, तिच्या मध्ये ५०० × २०० चं तोंड. तळ आणि चौकट चारही बाजूंनी २ मिमी जास्त ठेवण्याचं कारण पुढे येईल. कास्ट शीटची जाडी सगळीकडे सारखी नसते, १० मिमीची शीट साडेनऊही भरते. कुशी पुढच्या-मागच्या बाजूंच्या मध्ये बसतात आणि तळ थोडा मोठा आहे, त्यामुळे या मांडणीत तो फरक सहज जिरतो.

वरची चौकट शोभेची नाही. ३२ सेंमी पाणी भरलं की पुढच्या बाजूवर सुमारे ३० किलोचा रेटा येतो आणि चौकट नसेल तर ती बाजू पोटासारखी फुगते. तोंडाचे कोपरे किमान २५ मिमी त्रिज्येत गोल कापून घ्या. काटकोनी कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो.

दुकानात कापून घेताना आधीच सांगा: लेझर नको, करवत किंवा राऊटर (फिरत्या पात्याचं कापायचं यंत्र). लेझरची कड काचेसारखी चकचकीत दिसते, पण उष्णतेने तिच्यात ताण साठतो आणि क्लोरोफॉर्म लागताच ती तडकते. ज्या कडा जोडायच्या आहेत त्यांना ज्योतीने पॉलिश करणंही याच कारणासाठी टाळा.

आता कडा. जाड काचेच्या तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. अ‍ॅक्रिलिकचा तुकडा लाकडी ठोकळ्याला टेकवून उभा धरा आणि एकाच दिशेने घासा. हातात मोकळा धरून घासला तर कड हमखास गोलसर होते. करवतीच्या रेघा जाऊन कड सर्वत्र सारखी मॅट दिसली पाहिजे. मग ती सपाट शीटवर उभी करा, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावा आणि मागून टॉर्च मारा. खालून उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा घासा. या कामाला अर्धा दिवस द्या. कडा धारदार असाव्यात, उतरवायच्या नाहीत. संरक्षक कागद जोडाजवळ फक्त दोन सेंमी सोलून मागे दुमडा, बाकीचा राहू द्या.

जोडकाम उघड्या गच्चीत सावलीत किंवा दोन्ही बाजूंनी हवा खेळती असलेल्या खोलीत करा. क्लोरोफॉर्मची वाफ यकृताला घातक आहे, मुलांना जवळ येऊ देऊ नका. साधे हातमोजे त्याच्यापुढे फार वेळ टिकत नाहीत, थेंब पडला की लगेच बदला. बाटली गडद रंगाची हवी आणि उन्हापासून दूर, कारण उजेड आणि हवा लागून त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू बनतो. रबरी दट्ट्याची सिरिंज फुगून अडकते, म्हणून काचेची सिरिंज किंवा सुईची मऊ प्लॅस्टिकची बाटली वापरा.

पुढची बाजू आडवी ठेवा, तिच्यावर एक कूस उभी करा आणि ठोकळा व गुण्या लावून काटकोनात टेकवा. कडेखाली दर ८-१० सेंमीवर बारीक टाचणी सरकवा. सुईने जोडाच्या एका टोकापासून क्लोरोफॉर्म सोडत जा, ते आपोआप आत ओढलं जातं. कड ओली झाली की पांढुरका जोड पारदर्शक होत जाताना डोळ्यांना दिसतो. वीस-तीस सेकंद थांबा, टाचण्या एकामागून एक काढा आणि तुकडा स्वतःच्या वजनाने बसू द्या. वरून दाबलं किंवा वजन ठेवलं की मऊ झालेला थर बाहेर निघतो आणि जोड कोरडा राहतो. पृष्ठभागावर थेंब पडला तर पुसू नका. आपोआप उडाला तर बारीक डाग राहतो, पुसला तर तळहाताएवढा.

दुसरी कूस तशीच. तासाभराने हा सांगाडा उलटून मागच्या बाजूवर बसवा. चार भिंतींचा चौकोन दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरवर दोन्ही तोंडांनी घासून एका पातळीत आणा. ही पायरी गाळली तर तळाचे कोपरे गळतात. मग सांगाडा तळाच्या शीटवर ठेवून जोडा. बाहेर राहिलेल्या त्या २ मिमीच्या पट्टीवर सुई टेकते आणि द्रव ओघळत नाही. चोवीस तासांनी टँक उलटी करून चौकटीवर बसवा आणि तसंच जोडा.

कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टला हे काम टाळलेलं बरं. द्रव झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते आणि जोड दुधाळ, कमजोर होतो. करायचंच असेल तर कोरडी उघडीप पाहून दुपारी करा.

तीन दिवस हात लावू नका. मग टँक बाथरूममध्ये सपाट फळीवर, खाली वर्तमानपत्र घालून, आधी एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी अर्धी आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण भरा. शेवटी अठ्ठेचाळीस तास तशीच ठेवा. जोडात सुटे बारीक बुडबुडे चालतात. आतून बाहेरपर्यंत बुडबुड्यांची माळ दिसली तर तिथून पाणी येणारच. तेव्हा टँक पूर्ण वाळवा आणि आतल्या कोपऱ्यात १० मिमीची चौकोनी अ‍ॅक्रिलिक पट्टी जोडा. नुसता क्लोरोफॉर्ममध्ये अ‍ॅक्रिलिकचा भुसा विरघळवून केलेला घट्ट लेप वरून थापून गळती थांबत नाही.

रिकामी टँक दहा किलोच्या आसपास, पाणी आणि वाळू धरून सत्तरपर्यंत जाते. तळ सगळीकडे टेकला पाहिजे, त्यासाठी स्टँडवर १८ मिमी प्लायवूड घाला. मासे सोडण्याआधी आठवडाभर पाणी भरून ठेवा आणि दोन-तीनदा बदला, क्लोरोफॉर्मचा वास पूर्ण गेला पाहिजे. काच पुसायचे अमोनियाचे स्प्रे आणि स्पिरिट यांनी अ‍ॅक्रिलिक तडकतं, तर हिरव्या घासणीने पहिल्याच दिवशी ओरखडे पडतात. मऊ मायक्रोफायबर आणि साधं पाणी पुरतं, आणि आतून पुसण्याआधी कापडात वाळूचा कण अडकलेला नाही ना, ते बोटाने चाचपून घ्या.